करंगळी की अंगठा?

फिलिपीन्समध्ये नाताळ सप्टेंबरात सुरू होतो. मी वाढवून सांगत नाही. ज्या महिन्याच्या इंग्रजी नावाच्या शेवटी ‘बर’ येतं तो महिना नाताळचा, आणि उरलेले आठ महिने त्या नाताळचं कर्ज फेडण्यासाठी, अशी इथल्या वर्षाची सरळ वाटणी आहे. 1 सप्टेंबरला मॉलचं दार उघडतं आणि आतून गायक होझे मारी चान यांचा मऊ आवाज शुभेच्छा द्यायला लागतो, तो जानेवारी उजाडेपर्यंत थांबत नाही. मी वसईची. नाताळचे कंदील आमच्याकडेही लागतात, पण आम्ही निदान पाऊस संपू देतो.

तर अशाच एका सप्टेंबरात, बाहेर धो धो कोसळत असताना, मंदालुयोंगमधल्या आमच्या इमारतीत नाताळच्या पार्टीची यादी फिरली. कोण काय आणणार. परदेशी माणसाने अशा यादीत ‘कागदी ताटल्या’ लिहायचं असतं. उत्साह फारच असेल तर ‘बर्फ’. त्यात आपलाही मान राहतो आणि यजमानांचं जेवणही वाचतं. माझ्या नवऱ्याने लिहिलं, ‘लुंपिया’.

“किती माणसांसाठी?” मी विचारलं.

“सगळ्यांसाठी. त्यात काय आहे, समोशासारखंच असतं.”

या माणसाने समोसा आजवर फक्त प्लेटमध्ये आलेलाच पाहिला आहे. परक्याने फिलिपिनो पार्टीला लुंपिया आणतो म्हणणं म्हणजे जावयाने पहिल्या दिवाळसणाला सासूला “अनारसे मी घालतो” असं सांगण्यापैकी आहे. सासू नाही म्हणत नाही. ती नुसती बघते. यादी घेऊन आलेल्या बाईंनीही तसंच पाहिलं, “ओ, वाव!” म्हणाल्या आणि पुढच्या दारी गेल्या.

लुंपिया म्हणजे काय, हे मनिलात विचारायची सोय नाही. विचारलंत की समोरचा आधी दोन खायला घालतो. फुजियानच्या चिनी व्यापाऱ्यांबरोबर हा प्रकार इथे आला. 1594 साली स्पॅनिश गव्हर्नरने ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी पासिग नदीच्या काठी बिनोंदो वसवलं, आणि ते आपण जगातलं सर्वांत जुनं चायनाटाउन असल्याचं अजूनही ऐटीत सांगतं. चिनी माणसाने पातळ पापुद्र्यात भाजी गुंडाळली. फिलिपिनो माणसाने मग हाताला लागेल ते गुंडाळायला घेतलं. मुगाला मोड आले? गुंडाळा. माडाचा कोवळा गाभा मिळाला? गुंडाळा. तळायचा कंटाळा आला तर न तळताच गुंडाळा आणि वर शेंगदाण्याचा गोड रस्सा ओता. केळं, फणसाचा गरा आणि साखर गुंडाळून तळली की तिचं नाव तुरोन. लांब हिरवी मिरची पोटात चीज भरून गुंडाळली की ती डायनामाइट. या देशात फार वेळ एका जागी स्वस्थ पडून राहू नये.

पार्टीला लागते ती लुंपियांग शांघाय. मंचुरियनचा मंचुरियाशी जेवढा संबंध, तेवढाच हिचा शांघायशी. आत डुकराचा खिमा, गाजर, कांदा, लसूण. बाहेर कागदासारखा पातळ पापुद्रा. बरोबर आंबटगोड सॉस. बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, गावच्या संताची फिएस्ता असो, मुलगा जहाजावर लागलेला असो, ही हवीच. पान्सित नावाच्या शेवयाही हव्यात, त्या दीर्घायुष्यासाठी. लुंपिया कशासाठी ते कोणी सांगत नाही. पान्सित दुसऱ्या दिवशी उरतो. लुंपिया उरलेली मी अजून पाहिलेली नाही.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा मी खिमा आणायला पलेंगकेला, म्हणजे इथल्या मंडईत गेले. खाली कायम ओली फरशी, गाळेवाल्यांच्या पायात रबरी बूट. मटणाच्या प्रत्येक गाळ्यावर एक छोटी मोटर आणि तिला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या गरगर फिरत माश्या हाकलत असतात. दोन मिनिटं उभं राहिलं की मान त्या पट्ट्यांबरोबर फिरायला लागते.

“कासिमचा खिमा द्या,” मी म्हटलं. कासिम म्हणजे डुकराचा खांदा, एवढा गृहपाठ झाला होता. “चरबी नको.”

त्याने सुरा खाली ठेवला. “करणार काय?”

“लुंपिया.”

“चरबी नको तर मग लुंपियाही नको, माम. गाजर उकडा आणि खा.”

“डॉक्टर म्हणतात...”

“डॉक्टर माझ्याकडूनच नेतात. मी तुमचा सुकी, तुम्हाला खोटं सांगेन का?”

सुकी म्हणजे नेहमीचा दुकानदार, आणि दुकानदाराच्या तोंडी नेहमीचं गिऱ्हाईक. हे नातं जमायला वर्षं जातात, ते वडिलांकडून मुलाकडे जातं, असं ऐकून होते. आमचं तीन वाक्यांत जमलं. त्याने डोळ्यांदेखत चरबीसकट खांदा यंत्रात घातला आणि माझ्या डॉक्टरच्या नावाने वर आणखी एक तुकडा टाकला.

खरी परीक्षा पापुद्र्याची. बिनोंदोत मी एका बाईला तो करताना पाहिलं आहे. मुठीत मैद्याचा सैल, ओला गोळा. सारखा लोंबत असतो, पण बाई मनगट हलवत राहते म्हणून गळत नाही. तापलेल्या तव्यावर तो टेकवायचा, जरासा फिरवायचा आणि उचलून घ्यायचा. मागे तव्याला जे ओलसर वर्तुळ चिकटून राहतं, तोच पापुद्रा. कड सुटली की दोन बोटांनी उचलून चळतीवर टाकायचा, की लगेच पुढचा. त्या बाईने एकदाही तव्याकडे पाहिलं नाही. ती सारा वेळ समोरच्या गाळेवालीशी भांडत होती.

मी तयार, गोठवलेले पापुद्रे आणले. पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘हलक्या हाताने सुटे करा’. हे वाक्य लिहिणाऱ्याचे हात कसे होते हे मला एकदा बघायचं आहे. पहिला फाटतो, तो नमुन्याचा म्हणून सोडून द्यावा. दुसरा तिसऱ्याला सोडत नाही. चौथा निम्मा इकडे, निम्मा पाचव्याबरोबर जातो. एखादा अख्खा सुटून आला की त्याकडे कौतुकाने बघू नये, कारण तेवढ्या वेळात त्याच्या कडा वाळतात आणि घडी घालताना कडकन मोडतात. म्हणून वर ओला पंचा झाकायचा. पंचा जास्त ओला झाला तर चळतीचा लगदा होतो. वाऱ्याने वाळतात म्हणून पंखा बंद, एसी बंद. आम्ही घामाने निथळत होतो आणि पापुद्रे ओल्या पंच्याखाली गारेगार पहुडले होते.

त्यात आमच्याकडे पाहुणा होता. नाशिकच्या एका मित्राचा मुलगा दावाओला डॉक्टरकी शिकतो, तो सुट्टीला आला होता. बरीच मराठी मुलं तिकडे शिकतात. हा शाकाहारी. पण शाकाहार फक्त तोंडात जाणाऱ्या गोष्टींना लागू असतो, बाहेर पडणाऱ्या सल्ल्याला नाही.

“काकू, कच्च्या पोर्कमध्ये पट्टकृमी असू शकतात,” तो ओट्याला टेकून म्हणाला.

“बरं.”

“मेंदूपर्यंत जातात.”

“गाजर किसतोस का?”

“आतलं तापमान 71 अंश सेल्सियस व्हायला हवं. थर्मामीटर आहे?”

थर्मामीटर होता, पण तो काखेतला. शिवाय करंगळीएवढ्या लुंपियात थर्मामीटर खुपसला तर तो पलीकडून बाहेर येतो. मुलगा मग गाजर किसायला बसला आणि किसणीमुळे होणाऱ्या धनुर्वातावर बोलू लागला.

सारण तसं सोपं. गाजर, कांदा, लसूण, कांद्याची पात, अंडं, मिरपूड, सोया सॉस आणि सिंगकामास, म्हणजे वरून भुरकट, आतून पांढराशुभ्र, रसाळ कंद. तो किसून घट्ट पिळायचा, नाहीतर पाणी सुटून लुंपिया कढईत फुटते. आता मिठाचा अंदाज घ्यायचा कसा? कच्चं मांस चाखायचं नसतं, हे मेंदूपर्यंतच्या तपशिलासकट ऐकून झालं होतंच. रीत अशी की चमचाभर सारणाची टिक्की करून तव्यावर परतायची आणि तिची चव बघायची.

नवऱ्याने चव बघितली. “मीठ कळत नाहीये. अजून एक कर.”

अजून एक केली. “आता मिरपुडीचा अंदाज घेऊ.”

मिरपुडीचा झाला, लसणीचा झाला, मग “एकूण कसं लागतंय” याचा झाला. परातीत एका बाजूने खड्डा पडत चालला. चव बघणाऱ्या माणसाला आपण जेवतोय असं कधीच वाटत नाही, आणि तो ताटात घेत नसल्यामुळे इतरांनाही वाटत नाही.

एवढ्यात वसईहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. परात जवळून दाखवायला लागली.

“खोबरं घातलंस?”

“नाही, आई.”

“मग चव कसली?”

“पोर्कची.”

“नुसत्या पोर्कची?” त्यांनी पलीकडे कोणाला तरी हे सांगितलं. तिथून हळहळल्याचा आवाज आला. “आणि पापुद्रे विकत कशाला आणले? लाटता येतात की.”

कॉल संपल्यावर मी हात धुवायला गेले आणि नवऱ्याने आईचा मान राखला. आमच्या स्वयंपाकघरात बाटली मसाला असतो. आमच्याकडे तो उन्हाळ्यात भाजून, कुटून बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. प्रत्येक घराचं प्रमाण गुप्त, आणि आपलं सोडून बाकी सगळ्यांचं चुकलेलं. त्या बाटलीतला चमचाभर नवऱ्याने सारणात मिसळला. ‘चमचाभर’ हा त्याचा शब्द. परातीचा रंग पाहता तो वाढायचा डाव असावा.

तेवढ्यात शेजारची आते आली. इथे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, आणि वयाने मोठी अशी कुठलीही बाई तुमची थोरली बहीण असते. “मदत हवी का?” असं विचारत तिने खुर्ची ओढली, आणि मी उत्तर देईपर्यंत तिची पहिली लुंपिया वळून झाली होती. मग चौथ्या मजल्यावरच्या लोला, म्हणजे आजी आल्या. त्या पाम्पांगाच्या. सगळ्या फिलिपीन्समध्ये स्वयंपाक म्हणजे पाम्पांगा असं लोक म्हणतात, आणि पाम्पांगाचे लोक याला आजवर कधी हरकत घेताना दिसलेले नाहीत.

लोलांनी आतेने वळलेली लुंपिया चिमटीत धरून उजेडात पाहिली. “ही खायची आहे की देवळात लावायची?”

लुंपियाची जाडी हा इथे घराण्यांचा प्रश्न आहे. आते इलोइलोची. तिच्या माहेरी लुंपिया करंगळीएवढी. पापुद्र्यावर सारणाची बारीक रेघ, घट्ट गुंडाळी. लांब नळी झाली की कात्रीने तिचे तुकडे. लोलांच्या घरी ती अंगठ्याएवढी, दोन्ही कडा आत दुमडलेली, टोकं बंद. दोघींची बाजू बरोबर आहे. जाड केली तर बाहेरून काळी होते तरी आत कच्ची राहते. फार बारीक केली तर नुसता पापुद्राच चावायचा. सैल गुंडाळली तर आत हवा राहून फुटते, आणि आवळून गुंडाळली तर आवळलेली आहे म्हणून फुटते. शेवटची कड अंड्याच्या पांढऱ्याने चिकटवायची, पाण्याने, की मैद्याच्या खळीने, यावरही पक्ष आहेत.

मात्र हे भांडण ऐकायला फार गोड. मोठ्यांशी बोलताना इथे वाक्यात आदराचा ‘पो’ घालावाच लागतो, त्यामुळे आतेला लोलांना काही टोचून बोलताच येईना. ती म्हणायची, “हो पो, लोला, तुमचीही छान असते पो.” लोला हात धुवायला उठल्या की माझ्या कानाशी लागायची, “त्यांची आतून शिजेपर्यंत सिंबांग गाबीचे नऊच्या नऊ मिस्सा उरकतात.” लोला परत आल्या की पुन्हा पो. लोलांवर असलं काही बंधन नव्हतं.

“तुझ्या सासूने कधी शिकवलं नाही का गं?”

“शिकवलं की पो.”

“कठीण आहे.”

मग दोघींची नजर माझ्या लुंपियांकडे गेली आणि त्यांच्यात एकदम समेट झाला. माझी एक टोकाकडे करंगळी होती, दुसऱ्या टोकाकडे अंगठा, आणि मधे तिला संधिवात झाला होता.

लुंपिया वळणं हे हातांचं काम. डोकं आणि जीभ रिकामीच असतात. पंच्याखालची चळत निम्मी होईपर्यंत मला इमारतीतल्या सगळ्या घरांची माहिती झाली होती. कोणाचा मुलगा जहाजावर आहे, कोणाची मुलगी लंडनला नर्स आहे आणि तिने पाठवलेल्या बालिकबायन खोक्यात साबण किती आणि चॉकलेटं किती होती. कोणाचा नवरा दुबईहून येणार येणार म्हणत येत नाही. पार्टीला कोण काय आणणार तेही कळलं. फक्त आमच्या लुंपियाचा विषय निघाला की दोघी घाईघाईने पापुद्रे सोडवायला लागत. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

चाखण्यापुरती तळून पाहिलेली पहिली लुंपिया आतेने खाल्ली. चावली. थांबली. पुन्हा चावली. “वेगळीच आहे,” ती हसून म्हणाली.

वेगळीच. म्हणजे काय, ते सांगायला भाषांतर लागत नाही. लोला काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी दुसरी घेतली आणि ती उघडून आत पाहिलं.

वळलेल्या लुंपिया न तळता फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि आयत्या वेळी गोठलेल्याच तेलात सोडायच्या, हा उत्तम रिवाज. त्यासाठी लागतो आइस्क्रीमचा रिकामा डबा. फिलिपिनो घरात फ्रीजरमधल्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं असतं: मासे, खिमा, लुंपिया. इथली मुलं ते झाकण आशेने उघडतात आणि हळूहळू मोठी होतात. माझा नवरा पन्नाशीकडे आला तरी रात्री उठून झाकण उघडायचा. नंतर नंतर तर तो लुंपियासाठीच उघडायला लागला. “तळून बघायला हव्यात ना,” तो म्हणायचा. “आयत्या वेळी फजिती नको.”

पार्टीच्या दिवशी तळणी. जुन्या फिलिपिनो घरांत मागच्या अंगणात वेगळं स्वयंपाकघर असतं. तळण, धूर, माशांची आतडी, सगळं तिकडे. घरातलं चकचकीत स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला. आमच्या विसाव्या मजल्यावर अंगण नाही. स्वयंपाकघर आहे ते दाखवायचंच, आणि त्याच्या डोक्यावर धुराचा भोंगा. तेल साधारण 175 अंशांवर असावं म्हणतात. काखेतला थर्मामीटर घेऊन पाहुणा पुढे सरसावला, त्याला मी गॅलरीत पाठवलं. गोठलेली लुंपिया तेलात पडली, तिच्या अंगावरचा बर्फ तडतडला, आणि कढईने ओट्यावर, टाइल्सवर, कॅलेंडरवरच्या सांतो निन्योवर, म्हणजे बाळ येशूवर, समान माया केली. भोंगा केकाटला.

खालचा पहारेकरी धापा टाकत वर आला. त्याला सगळे कुया म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. “माम-सर, आग?” इथे बाई असो की बुवा, संबोधन सरसकट माम-सर असतं.

“आग नाही, लुंपिया.”

“ओ.” तो दारातच घुटमळला. “एकच घेतो, माम-सर.”

‘एकच घेतो’ हे लुंपियापुढचं सर्वांत जुनं खोटं आहे. कुयाने एक तोंडात टाकली, दोन खालच्या जोडीदारासाठी नेल्या, आणि जोडीदार दहा मिनिटांत स्वतःच आगीची खात्री करायला आला. जिन्याच्या पलीकडली दोन मुलं नुसतीच बघायला आली. नवरा प्रत्येक घाण्यातली फुटलेली वेगळी काढत होता, “ही पार्टीत बरी दिसणार नाही” म्हणत, आणि मग तिची विल्हेवाट लावत होता. घाणा दर वेळी जास्तच फुटका निघायला लागला. एका घाण्यावर मी लक्ष ठेवलं, तेव्हा तो झाऱ्याने दाबतोय हे दिसलं.

टोकाच्या दोन-चार इतक्या कडक झाल्या होत्या की त्यांनी खिळा ठोकता आला असता. कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीच्या फिलिपिनो पोरांनी मिळून ‘लुंपिया’ नावाचा एक चित्रपट काढला होता. 2003 सालचा. त्याचा नायक शत्रूंवर लुंपिया फेकून मारतो. मला तेव्हा ती कल्पना विनोदी वाटली होती. आता ती अनुभवातून आलेली वाटते.

शेवटी जे ताट सजलं त्यात काकडीच्या चकत्या पुष्कळ होत्या. ते घेऊन आम्ही खाली सभागृहात गेलो आणि दारातच थांबलो. टेबलावर लुंपिया होत्या. डोंगर म्हणावा इतक्या. करंगळीएवढ्या एका परातीत, अंगठ्याएवढ्या दुसरीत. तिसऱ्या मजल्यावरच्या, सातव्यावरच्या, यादीवाल्या बाईंच्या. परदेशी माणूस लुंपिया आणतोय म्हटल्यावर प्रत्येक घराने दुसऱ्या कोणालाही न सांगता, निव्वळ माणुसकीने, थोड्या जास्तीच्या करून ठेवल्या होत्या. ‘थोड्या’ म्हणजे शे-दीडशे. माझ्याकडे बसून पापुद्रे सोडवणाऱ्या आतेने आणि लोलांनीसुद्धा.

“तुमच्या कमी पडल्या तर असाव्यात म्हणून,” आते म्हणाली. तिचा चेहरा अतिशय निरागस होता.

पान्सित मात्र एकानेच आणला होता, आणि ताटल्या कोणीच आणल्या नव्हत्या, कारण ताटल्या परदेशी कुटुंब आणतं. मग कोणीतरी केळीची पानं पैदा केली, टेबलावर पसरली आणि सगळ्यांनी हातानेच जेवायला सुरुवात केली. इथे याला कामायान म्हणतात. तेवढ्यापुरती आमच्या कुटुंबाची पत वाढली. पानावरचा भात हाताने कालवून, बोटं न चटकवता तोंडापर्यंत नेण्यात माझा नवरा जिल्हा पातळीवरचा खेळाडू आहे. नाशिकचा मुलगा तुरोनच्या ताटाशी उभा राहून ते एकट्याने संपवत होता. सगळ्या तुरोन तळल्या त्या तेलात आधी काय तळलं होतं, ते त्याला सांगावं की नाही, यावर मी आणि आतेने डोळ्यांनी चर्चा केली आणि नाही असं ठरवलं.

काराओकेच्या गोंगाटात लुंपियाच्या परातींवर लोकांचं मतदान चाललं होतं. तोंडाने सगळे म्हणत होते, “सगळ्याच छान.” हात मात्र ठरलेल्या परातीकडेच जात होता, आणि ती परात आपल्याच घरची असायची. कोणत्याही परातीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नव्हतं. तो उचलणं इथे लाजिरवाणं. त्यामुळे थोड्या वेळाने टेबलावर एकेक तुकडा उरलेल्या रिकाम्या पराती दिसायला लागल्या, आणि प्रत्येकीभोवती तो तुकडा दिसतच नाही असं दाखवत फिरणारी माणसं. आमच्या ताटात मात्र चांगले सात-आठ तुकडे होते. ते लाजेने उरले असं समजून घ्यायला मी तयार होते.

मग शॅरोन सुरू झालं. पार्टीतलं उरलेलं फॉइलमध्ये बांधून घरी न्यायला इथे गायिका शॅरोन कुनेताचं नाव पडलं आहे, कारण 1985 सालच्या तिच्या गाजलेल्या गाण्यात प्रियकराला ‘मला गुंडाळून घे’ अशी विनवणी आहे. उरायलाच हवं अशी काही अट नसते. काही बायका हातात फॉइलची गुंडाळी घेऊनच जेवत होत्या. एका वेळी लाज आणि फॉइल दोन्ही सांभाळता येतात, फक्त तुकडा शेवटून दुसरा असावा लागतो.

मी आमचं ताट आवरत होते तेव्हा लोला काठी टेकत आल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आते काराओकेच्या माइकशी झटत होती. लोलांनी आमच्या ताटातले सगळे तुकडे फॉइलमध्ये घेतले, नीट दुमडले आणि पर्समध्ये ठेवले.

“तो मसाला,” त्या हळूच म्हणाल्या, “एका बाटलीत भरून दे मला. लुंपियात नाही घालणार हं.”

“मग कशात घालणार, लोला?”

“चौथ्या मजल्यावर काय शिजतं ते चौथ्या मजल्यावर बघू. आणि तिला सांगू नकोस.”